पाहू तर खरं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गावात दोन झाडांखाली गर्दी असते. मारुतीच्या देवळामागच्या निंबाला पोरींचे झोके, आणि नाल्याकाठच्या चिंचेखाली पत्त्यांचा डाव. झोक्यावरची गाणी चिंचेपर्यंत ऐकू येतात. चिंचेखालचं बोलणं निंबापर्यंत जाऊ नये एवढी काळजी घ्यायची. गाव चोपडा तालुक्यातलं, तापीपासून कोसभर आत. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला फिटतं आणि नवं साल त्याच दिवशी ठरतं, त्यामुळे गावात पैसा खेळता असतो. लेकी माहेरी आलेल्या, पोटात पुरणपोळी आणि आमरस, बाहेर ४४ अंशांचं ऊन. संध्याकाळपर्यंत माणसानं करावं तरी काय?

तीनपत्ती मी त्या चिंचेखाली शिकलो, नानांना खेटून बसून. नाना म्हणजे माझे मोठे काका. ते पत्ते उचलतच नसत. ब्लाइंडवर ब्लाइंड टाकत राहायचे आणि शेवटी समोर एकच जण उरला की बंडीच्या खिशातून नोट काढून म्हणायचे, "पाहू तर खरं." शो, म्हणजे दोघांनी पत्ते उघडायचे. बहुतेक वेळा हरायचे. पण हरल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नाही. समोरच्याकडे काय होतं ते कळल्याचं समाधान दिसायचं. गावात केळीचे कंद लावायची रीत होती तेव्हा टिशू कल्चरची रोपं सगळ्यांत आधी नानांनीच आणली, तीसुद्धा याच तीन शब्दांवर. ती फळली. नवी विहीर खोदली, तीही याच शब्दांवर. तिला अजून पाणी नाही.

हे वाक्य आमच्या घरात वारशानं चालत आलंय हे मला २०२०मध्ये कळलं.

मी जळगावला एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. एप्रिल म्हणजे कापसाचा हंगाम तसाही आटपलेला, त्यात लॉकडाउन. मामेभावानं व्हॉट्सअॅपवर पोकरच्या एका ॲपची लिंक टाकली: दोनशे भरले की दोनशे बोनस. पाहू तर खरं म्हटलं. नियम अर्ध्या तासात वाचले. प्रत्येकाला दोन पत्ते बंद, मध्ये पाच पत्ते उघडे, आधी तीन, मग एक, मग एक. दरवेळी पैसे लावायची संधी. सातांतून उत्तम पाच जुळवायचे. एवढंच ना! तीनपत्ती खेळलेल्या माणसाला यात शिकायचं काय?

त्याच आठवड्यातला एक डाव मला अजून पत्त्यांनिशी पाठ आहे. माझ्याकडे चौकटची दहशी, किलवरची नवशी. मध्ये बदामचा गुलाम, बदामची दुरी, इस्पिकची अठ्ठी. चौथा पत्ता किलवरची सत्ती. सात-आठ-नऊ-दहा-गुलाम, रन लागली! शेवटी बदामची पंजी आली तिच्याकडे मी पाहिलंही नाही. होते नव्हते तेवढे सगळे पैसे सरकवले. समोरच्यानं क्षणात तेवढेच भरले, आणि उघडले बदामचा राजा आणि बदामची चौकी. पाची पत्ते बदाम. कलर. मी बायकोला हाक मारली, "हे बघ, ॲपची चूक झाली. रन माझी आहे आणि पैसे त्याला दिले."

चूक ॲपची नव्हती. तीनपत्तीत रन कलरला मारते, पोकरमध्ये कलर रनला मारतो. असं उलटं का, ते मला फार नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा हिशेबी माणसाला होतो तसा आनंद झाला. तीन पत्त्यांच्या एकूण २२,१०० जुळण्यांमध्ये साध्या रन ७२० आणि कलर १,०९६. रन दुर्मीळ, म्हणून मोठी. पाच पत्त्यांवर गेलात की रन १०,२०० आणि कलर ५,१०८. पारडं फिरलं. चिंचेखालची माणसं पिढ्यान् पिढ्या बरोबरच खेळत होती. पण हे कळेपर्यंत माझे त्या रनवरचे दोनशे तर गेलेच होते, आणि मागून बरेच.

डिसेंबरपर्यंत १४,३०० रुपये गेले. दोनशे-दोनशेनं गेले म्हणून कळले नाहीत. दहा हजारांची नोट असती तर पहिल्याच दिवशी घरात रडारड झाली असती.

मला बदललं ते कुठल्या व्हिडिओनं नाही, एका वहीनं. व्हिडिओ मीही पाहिले. त्यातले लोक फार हुशार असतात आणि समोरच्यालाही हुशार समजून खेळतात. एक आणि दोन रुपयांच्या टेबलावर त्याचा उपयोग शून्य. जानेवारीत ऑफिसात नव्या खतावणीच्या वह्या आल्या, त्यातली एक मी घरी आणली (नोंद करून, पैसे भरून). ॲपमध्ये जुने डाव पाहता येत होते. मागच्या तीन महिन्यांतले, पाचव्या पत्त्यावर समोरच्यानं पैसे लावले आणि मी 'पाहायला' म्हणून भरले असे डाव तेवढे काढले. रकाने पाडले: तारीख, माझे पत्ते, किती भरले, जिंकलो की हरलो. शेवटच्या रकान्याला नाव सुचेना. मग लिहिलं, 'पाहू तर खरं'.

२१४ डाव निघाले. जिंकलेले ४१. त्या एका रकान्यात साडेपाच हजारांच्या वर तूट. जिनिंगमध्ये एवढी घट दाखवली असती तर मालकानं वजनकाट्यापासून सगळं तपासायला लावलं असतं. मी वही मिटून गच्चीवर गेलो. गार वारा होता, खाली कुणाकडे तरी भरताची पार्टी चालली होती, काड्यांवर वांगी भाजल्याचा वास येत होता. मला नाना आठवत होते.

त्यानंतर मी जे शिकलो त्याला शिकणं म्हणावं की सोडणं, ठरवता येत नाही. आधी मी शंभरातले साठेक डाव खेळायचो. एक्का दिसला की खेळ, दोन पत्ते एका रंगाचे दिसले की खेळ. आता बावीस-तेवीस. बाकीचे पॅक, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडायचा. पॅक करण्यात कसलीच मजा नसते, हे कुणी आधी सांगत नाही. तीन पत्ते उघडतात आणि दिसतं की आपण टाकलेल्या सत्ती-तिरीला तिथे जोड्याच जोड्या लागल्या असत्या. जीव तुटतो.

जागेची गोष्ट मात्र मला लगेच पटली. डीलरचं बटण ज्याच्यापुढे तो सगळ्यांत शेवटी बोलतो. कापसाच्या व्यवहारात हे शेंबडं पोरही जाणतं: आधी भाव बोलेल तो फसेल. व्यापारी ओट्यावर बसून चहा पितो, पावसापाण्याचं विचारतो, पण आकडा शेतकऱ्याच्या तोंडून येऊ देतो. पोकरमध्ये मी वर्षभर शेतकऱ्यासारखा आधी बोलत होतो. बटण माझ्यापुढे असेल तेव्हा जास्त डाव खेळायचे आणि सगळ्यांत आधी बोलायची पाळी असेल तेव्हा फक्त भारी पत्ते. एवढ्या एका बदलानं गळती निम्मी थांबली.

मग तो प्रसिद्ध हिशेब. समजा चार पत्ते उघडलेत आणि तुम्हाला एक बदाम आला की कलर होतो. तेरा बदामांतले चार तुम्हाला दिसतायत, नऊ शिल्लक. न दिसलेले पत्ते ४६. म्हणजे ४६ त ९, जेमतेम वीस टक्के. मध्ये ४० रुपये आहेत, समोरच्यानं २० लावले. तुम्ही २० भरले तर मध्ये ८० होतात. त्यातला तुमचा वाटा पाव. पंचवीस टक्क्यांचा माल घ्यायला तुमच्याकडे वीस टक्केच आहेत. घाट्याचा सौदा, सोडा. पाचव्या पत्त्यावर कलर लागलाच तर समोरचा आणखी पैसे देईल एवढी खात्री असेल, तर विचार करा. असला हिशेब मी दिवसभर रुई-सरकीचा करतो. रात्री फोन हातात घेतला की तो डोक्यातून का जायचा, देव जाणे. बदाम येईलसं वाटायचं. वाटण्याला दशांश नसतो.

आणि थापा मारणं सोडलं. सिनेमात पोकर म्हणजे काळा चष्मा आणि थाप. दोन रुपयांच्या टेबलावर थाप मारणं म्हणजे बहिऱ्यापुढे कुजबुजणं. समोर बसलेला प्रत्येक जण मनातून नानाच असतो. त्याला पाहायचंच असतं. त्यामुळे आपल्याकडे खरंच माल असेल तेव्हा लावायचे, आणि दणकून लावायचे. याची दुसरी बाजूही वहीनंच दाखवली: डावभर मुकाट पैसे भरणारा माणूस शेवटच्या पत्त्यावर अचानक वाढवून लावतो तेव्हा त्याच्याकडे असतं. नेहमी असतं. आपल्याकडे एक्क्यांची जोडी असली तरी टाकावी.

एक्क्यांवरून आठवलं. ही जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते, आणि कुठल्याही ऐऱ्यागैऱ्या दोन पत्त्यांपुढे शंभरात ८५ वेळा जिंकते. म्हणजे सहा-सात वेळांत एकदा हरते. ते एकदा आलं की माणूस पहिली शिवी ॲपला घालतो: "हे सेट केलेलं असतं भो." मीही घातल्या. माझ्या नोंदीत पुढच्या साठ हजार डावांत एक्के २६४ वेळा आले. हिशेबानं २७१ यायला हवे होते. सात एक्क्यांसाठी काय भांडायचं? एकदा तर मेच्या रात्री फुल हाउस (एका आकड्याचे तीन, दुसऱ्याचे दोन पत्ते) हातात असताना डीपी उडाली, वायफाय गेलं, मोबाइलच्या डेटाला रेंज नाही, आणि माझी वेळ संपून पत्ते आपोआप पॅक झाले. अंधारात मी आणि बायको, दोघं घामानं भिजलेले, आणि मी तिला फुल हाउस म्हणजे काय ते समजावतोय. तिनं शांतपणे विचारलं, "किती होते?" एकशे साठ, म्हटलं. "मग झोपा."

ऑगस्ट २०२१ ते मार्च २०२३ हा माझा जिंकणारा काळ. सहा हजार रुपये वेगळे ठेवले, म्हणजे दोनशेच्या तीस बैठकी, आणि त्यात घरातला रुपया घालायचा नाही असं ठरवलं. रोज साधारण चाळीस मिनिटं, दोन टेबलं. जिनिंगमध्ये आम्ही उतारा पाहतो: शंभर किलो कापसातून रुई किती, तेहतीस की पस्तीस. पोकरमध्येही उताराच पाहतात: शंभर डावांमागे किती बिग ब्लाइंड. बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधी पाळीपाळीनं सक्तीनं भरायची रक्कम. टेबलाची नाल, म्हणजे ॲपचा प्रत्येक डावातला हिस्सा, पाच टक्के कापून माझा उतारा चार पडला. बिग ब्लाइंड दोन रुपयांचा, म्हणजे शंभर डावांमागे आठ रुपये. तासाला दीडशे डाव. बारा रुपये.

तासाला बारा रुपये. कटिंग चहा आणि वर दोन सुटे.

साठ हजार डाव, चारशे तास, ४,८०० रुपये. आधीचे १४,३०० वजा केले तर जिंकणारा खेळाडू साडेनऊ हजारांनी खड्ड्यात. बायको बचत गटाच्या बायांबरोबर उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, थापते. तिनं माझ्या वहीतलं शेवटचं पान पाहिलं आणि म्हणाली, "आमच्याकडे या. तासाला जास्त पडतील, आणि बिबडे खायला मिळतील."

तिला मी पुढचं सांगितलं नाही, ते इथे सांगतो. या खेळात शंभर डावांमागे नव्वद-शंभर बिग ब्लाइंडचा झोका मागे-पुढे सहज बसतो. तो हिशेब साठ हजार डावांना लावला तर माझ्या २,४०० बिग ब्लाइंडच्या कमाईभोवती तेवढ्याच, २,४०० च्याच, चढउताराची जागा निघते. सरळ सांगायचं तर, माझ्याइतकाच खेळणारा दुसरा एखादा त्याच काळात रिकाम्या हातानं उठू शकला असता, आणि माझ्याहून वाईट खेळणारा माझ्याएवढे घेऊन. आपण खरंच शिकलो की नशीब चाललं, हे नक्की कळायला साठ हजार डाव पुरत नाहीत. 'हा कौशल्याचा खेळ आहे' असं कुणी छातीठोक सांगू लागला की मला म्हणावंसं वाटतं: असेल बाबा, पण तुझी वही दाखव.

लोक म्हणतात शेती हाही जुगारच. हे मला मुळीच पटत नाही. जुगारात पॅक करता येतं. केळीची बाग निसवायला आली असताना तापीकडून वादळ उठलं तर पॅक कुठे करणार?

त्या काळात रात्री साडेअकराला एक जण टेबलावर यायचा. टोपणनावात गावाचं नाव आणि पुढे चार आकडे. गाव आपल्याच पट्ट्यातलं. कोण, काय करतो, कधी कळलं नाही. खेळायचा मात्र अगदी नानांसारखा. दोनशे आणायचा, सगळं पाहायचा, हरायचा, परत दोनशे. ॲपमध्ये खेळाडूला रंगाची खूण लावता येते. मी त्याला हिरवी लावली होती. हिरवी म्हणजे याच्याबरोबर बसायचं. तो आला नाही तर मी दहा मिनिटं वाट पाहून झोपायचो. माझे चार हजार आठशे कुठून आले, याचा हिशेब वहीत नाही, पण मला माहीत आहे.

एका रात्री माझ्याकडे फुल हाउस होतं आणि मी सगळे लावले. तो थांबला. घड्याळाची पट्टी सरकत होती. आणि पहिल्यांदाच, मी पाहिलेल्या इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, त्यानं पत्ते टाकले. अगदी बरोबर टाकले. मग चॅटमध्ये उमटलं: 'भाऊ दाखवा ना. फक्त पाहायचं होतं.'

एक बटण दाबायचं होतं. दाखवले असते तर त्याला कळलं असतं की आपण बरोबर केलं. पण पैसे न भरता कुणाला पत्ते दाखवायचे नाहीत, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम. मी दाबलं नाही. पुढच्याच डावात माझ्यापुढे त्यानं पंजीच्या जोडीवर सगळे भरले. हरला, परत दोनशे आणले. पुढे दोन-तीन आठवडे येत होता, मग यायचा थांबला. त्याची हिरवी खूण तशीच राहिली.

एप्रिल २०२३पासून जिंकलेल्या रकमेवर सरळ तीस टक्के टीडीएस सुरू झाला. मागच्या वर्षांची तूट त्यातून वजा होत नाही. ऑक्टोबरपासून भरलेल्या पैशांवर २८ टक्के जीएसटी. चारच्या उताऱ्यात एवढं बसत नाही. मी खेळ कमी केला, मग आठवड्यातून एकदा, मग नुसतं उघडून पाहणं. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा दोन दिवसांत मंजूर केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. १८८७च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. नव्या कायद्यानं कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. त्याच सुमारास ॲपवर पैशांची टेबलं बंद झाली, शिल्लक काढून घ्या असा निरोप आला. १,६४० रुपये निघाले. मामेभाऊ फोनवर तावातावानं बोलत होता, सरकारला नावं ठेवत होता. मला राग आला नाही, आनंदही झाला नाही. मी त्या साडेअकरावाल्याचा विचार करत होतो.

यंदा आखाजीला गावी गेलो. नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, चष्मा गेला, पण उन्हात डोळे बारीक करून बसतात. चिंचेखाली दोन रुपयांचा बूट, म्हणजे डाव सुरू होण्याआधी प्रत्येकानं मध्ये टाकायचे पैसे. मी पॅक करतोय, पॅक करतोय. नाना चिडले. "तू खेळाले उना का झोपाले?"

मग मला राण्यांची जोडी आली. नाना नेहमीसारखे ब्लाइंड. एकेक जण गळाला, आम्ही दोघं उरलो. चाळीस-पन्नास रुपये मध्ये पडले असतील. आणि नानांनी पत्ते उचलले. डोळ्यांशी धरून एकेक सरकवून पाहिले, खाली ठेवले, आणि दुप्पट चाल टाकली.

शो मागितला नाही, चाल टाकली. नानांनी.

माझ्या वहीत याचं एकच उत्तर होतं. मी राण्या टाकल्या. नानांनी पैसे ओढून घेतले. त्यांचे तीन पत्ते पालथे पडले होते, आणि माझा हात आपोआप तिकडे गेला.

नानांनी वर पंजा ठेवला.

"देखाले पैसा लागतस, भाऊ."

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्यांनी तिन्ही पत्ते गड्डीत सरकवले, दोनदा पिसली आणि माझ्यापुढे ठेवली.

"काट," म्हणाले.